धुरपदाचा चर

तुम्ही कधी पांढरं शेत पाहिलंय का? कापूस फुटून पांढरं झालेलं नव्हे. ज्या शेताकडं उन्हाच्या वेळी बघवत नाही, ज्यावर पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, आणि ज्याची माती बोटानं जिभेवर ठेवली तर खारट लागते, असं शेत?

पाहिलं नसेल तर बरंच झालं. माळसोंडच्या माणसांनी ते पाहिलं होतं. आज तिथं हिरवागार ऊस उभा असतो आणि हळदीची पानं माणसाच्या छातीला लागतात. पण ज्या काळी माळसोंडच्या वाटेवर गाडीची चाकोरीसुद्धा पडलेली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हा या गावात धुरपदा नावाची एक बाई राहत होती.

धुरपदाचा नवरा हैबती. त्यांना एकच लेक, चिमा. पोर अशी बोलकी की वाटेनं जाणारा परका माणूससुद्धा तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जात नसे. गाव तेव्हा कोरडवाहू होतं. पावसावर ज्वारी यायची. गावाच्या खालच्या अंगाला एक ओढा होता, तो पावसाळ्यात वाहायचा, शीव ओलांडून येळवंती नदीला मिळायचा आणि दिवाळी झाली की आटायचा. एवढंच काय ते पाणी.

मग एका साली पाऊस आला नाही. दुसऱ्या सालीही आला नाही. विहिरींच्या तळाला नुसते दगड दिसू लागले. बायका पाण्यासाठी नदीच्या डोहापर्यंत जायच्या, पहाटे निघायच्या आणि दुपारी यायच्या. त्या दिवसांत चिमाला ताप आला. अंग तव्यासारखं तापलं आणि पोर एकच शब्द बोलू लागली, पाणी. घरात घागर उपडी पडलेली. धुरपदा घागर घेऊन पळत सुटली. हैबती लेकीच्या उशाशी बसला. लेक मागत होती आणि बापाजवळ द्यायला काही नव्हतं.

धुरपदा परत आली तेव्हा अर्धी घागर वाटेत हिंदकळून सांडली होती, आणि चिमा गेली होती.

लहान पोर म्हणून तिला पुरलं. ओढ्याच्या काठाला एक करंजाचं झाड होतं, त्याच्या सावलीत. माती सारखी केल्यावर धुरपदानं ती अर्धी घागर मातीवर ओतली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी तिथं जायची आणि ओंजळभर पाणी मातीवर सोडायची. घरात प्यायला नसलं तरी ती ओंजळ चुकली नाही, असं म्हणतात.

हैबती मात्र तिथं एकदाही गेला नाही. तो नदीच्या वरच्या अंगाला गेला. जाताना धुरपदाला एवढंच म्हणाला, "पानी घेऊन येतो."

नदीच्या वळणावर त्यानं दगड रचायला सुरुवात केली. आधी लोक हसले. मग त्याचं तोंड बघून हसायचे थांबले, आणि मग एकेक जण पहार घेऊन त्याच्या मागं गेला. बंधारा झाला. बंधाऱ्यापासून गावापर्यंत पाट खणायचा होता, वाटेत काळा खडक आडवा होता. हैबती त्या खडकाला कान लावून बसायचा आणि म्हणायचा, इथं मार. तिथं पहार मारली की खडक भाकरीसारखा दुभंगायचा, असं म्हणतात. आणि पाट पुरा झाल्यावर हैबती काठी टेकत पुढं चालला आणि पाणी त्याच्या मागं मागं आलं, जसं वासरू धन्याच्या मागं येतं.

गावाच्या तोंडाशी बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. पाणी आलं तशी त्यांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, खण-नारळानं ओटी भरली. पाटलांची म्हातारी आई म्हणाली, "लेक माहेराला आली रं बाबांनो."

हैबती तिथंच खाली बसला. पाण्यात दोन्ही हात बुडवून तो पोरासारखा रडला. मग उठून त्यानं सगळ्या गावासमोर सांगितलं, "आली ती आली. आता हिला जाऊ द्यायची न्हाई. एक थेंब शिवंच्या भाईर जाऊ द्यायचा न्हाई."

गावानं मान डोलावली. ज्यांनी तहानेनं माणसं मरताना पाहिली होती त्यांना ते पटलं. शिवेवर जिथून ओढा बाहेर पडायचा तिथं हैबतीनं मोठा बांध घातला. ओढा बुजवून त्याची शेतं केली. पाटाचं पाणी शेतात यायचं आणि शेतातच राहायचं. रोज संध्याकाळी हैबती बांधावरून फिरायचा. खेकड्याचं बीळ दिसलं की चिखलाचा गोळा करून स्वतःच्या हातानं बुजवायचा आणि वर दोन थापट्या द्यायचा. पाणी नुसतं झिरपलं तरी त्याला झोप येत नसे.

पुढची काही वर्षं अशी गेली की माळसोंडची माणसं आपल्याच शेताकडं बघत उभी राहायची. ऊस इतका वाढला की त्यात शिरलेलं जनावर दोन दोन दिवस सापडायचं नाही. हळद अशी पोसली की एक गड्डा उचलायला दोन हात लागायचे. दुष्काळात गाव सोडून गेलेली माणसं परत आली. घराघरांत हैबतीचं नाव देवाच्या नावाशेजारी घ्यायचे. धुरपदा पाणवठ्यावर गेली की बायका तिला पुढं जागा करून द्यायच्या.

मग एका सकाळी खालच्या अंगाच्या एका शेतात पांढरं दिसलं.

दह्याचा डबा सांडावा तेवढंच होतं. शेतधनी म्हणाला, काळीला तेज फुटलंय. लोक बघायला आले. कुणी त्यावर फूल ठेवलं, कुणी कुंकू टाकलं. पुढच्या पाळीचं पाणी दिल्यावर ते पांढरं परातीएवढं झालं. त्याच्या पुढच्या साली खळ्याएवढं. मग त्या जागी बी उगवेना. उगवलं तर पानांची टोकं आधी पिवळी पडायची, मग विस्तव लागल्यासारखी करपायची. पायाखाली माती पावसाळ्यात लोण्यासारखी घसरायची आणि उन्हाळ्यात दगड व्हायची. बैल नांगर ओढेनात. ते खाली मान घालून माती चाटत उभे राहायचे.

करपलेलं पीक दिसलं की माणसाला काय वाटतं? तहान लागलीय असं वाटतं. ज्या गावानं तहान पाहिली होती त्या गावाला दुसरं काही सुचणारच नव्हतं. हैबती म्हणाला, "तहानलीया ती. पानी वाढवा." लोकांनी पाणी वाढवलं. जितकं पाणी वाढवलं तितकं पांढरं वाढलं, आणि जितकं पांढरं वाढलं तितकं त्यांनी पाणी वाढवलं.

ठकूआज्जी म्हणून एक सुईण होती. तिच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं. ती चावडीपुढं उभी राहून म्हणाली, "माज्या परसातला भोपळा आता शिजवताना मीठ घालावं लागत न्हाई. हैबती, तुज्या पान्यानं माजा मिठाचा खर्च वाचला बघ. आता तेवढे दात परत आण, म्हंजे खाता येईल."

माणसं हसली, पण तोंडं उतरलेलीच राहिली. कारण तोवर विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. घरांच्या भिंतींना लोणा लागून पोपडे पडत होते. खालच्या आळीतली दोन-चार घरं कुलूप लावून निघून गेली. आधी गेली होती ती पाण्यावाचून गेली होती. ही माणसं भरल्या पाटाशेजारून गेली, आणि जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

धुरपदाची ओंजळ चालूच होती. ती रोज करंजाखाली जायची. एका सकाळी तिनं पाहिलं तर चिमाची जागा पांढरी झाली होती. तिनं बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट. अश्रूसारखं खारट. ती तशीच खाली बसली. "रडतीस व्हय गं माजे बाय?" ती म्हणाली. "तहान लागली?" आणि दुसऱ्या दिवसापासून ती ओंजळीऐवजी सबंध घागर ओतू लागली.

करंजाची पानं गळाली. फांद्या वाळल्या. धुरपदा घागर ओतत राहिली. गावाची चूक तीच तिची चूक.

एके दिवशी घागर ओतताना तिचा पाय मातीत गेला. घोट्यापर्यंत गेला. तिनं पाय ओढून काढला, तर त्या खड्ड्यात खालून पाणी भरलं. तिनं घागर बाजूला ठेवली. हातानं थोडी माती उकरली. बोटं बुडतील एवढ्यावरच पाणी होतं, गार आणि खारं. तिनं आणखी उकरलं. सगळीकडं पाणीच होतं.

तेव्हा तिला कळलं. पाण्यावाचून गेलेली तिची लेक आता पाण्यात निजली होती. बाप वरून पाणी आणत होता, आई वरून घागर ओतत होती, आणि त्या पाण्याला जायला कुठं वाट नव्हती.

त्या क्षणी धुरपदानं गावाचा विचार केला नाही, शेताचाही केला नाही. आपली पोर ओल्यात निजलीय एवढंच तिच्या मनात होतं. ती घरी गेली आणि कुदळ घेऊन आली. चिमाच्या जागेभोवती तिनं एक चर खणला, कमरेएवढा खोल, आणि खालच्या बाजूला एक खड्डा केला. चरात चहूकडून पाणी पाझरू लागलं आणि वाहत खड्ड्यात जाऊ लागलं. खड्डा भरला की ती घागरीनं उपसून लांब टाकायची. रोज जायची आणि रोज उपसायची. जे हात इतकी वर्षं पाणी घालत होते ते आता पाणी काढत होते.

पुढं आषाढात पाऊस पडला. पावसानं वरचं पांढरं धुतलं, ते खाली मुरलं, चरात आलं, खड्ड्यात गेलं, आणि धुरपदानं ते उपसून टाकलं. श्रावणात चिमाच्या जागेवर हरळी उगवली. सगळं खालचं शिवार पांढरं, आणि मधोमध एक हिरवी जागा, एक लहान पोर निजेल एवढीच. माळसोंडच्या शिवारात परत उगवलेलं पहिलं हिरवं ते, असं म्हणतात.

त्या संध्याकाळी हैबती जेवायला बसला तेव्हा धुरपदा म्हणाली, "अवं, एक सांगू?"

"सांग की."

"चिमाच्या जागी हरळी आली."

हैबतीचा हात ताटातच राहिला. त्या पोरीचं नाव त्या घरात इतक्या वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

"पान्याला वाट दिली म्हून आली," धुरपदा म्हणाली. "शेताला पन वाट द्या. ओढ्याच्या जुन्या वाटेनं चर खांदू, आन शिवंवरचा बांध फोडू."

"पानी घालवायचं?"

"सगळं न्हवं. काम झालेलं, मिठाचं. ते जाऊ द्या."

हैबती ताटावरून उठला. "धुरपदे, ह्या हातानं आनलंय मी ते. तूच माज्या पान्याला घराभाईर काडाय निघालीस?"

तो बांधावर जाऊन बसला तो घरी परत आला नाही. तिथंच त्यानं खोप घातली.

धुरपदा चावडीवर गेली. बाई माणूस चावडीवर येत नसे, पण ती हैबतीची बायको होती, म्हणून कुणी अडवलं नाही. तिनं हरळीची गोष्ट सांगितली. काही जण जाऊन बघूनही आले. पाटील भला माणूस होता. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "वहिनी, तुमी म्हनता ते खोटं न्हाई. पन एकदा बांध फुटला आन पानी रुसलं तर? परत आलंच न्हाई तर? त्या दोन सालांत माजी दोन लेकरं गेली. मला न्हाई धीर व्हत."

"पाटील," धुरपदा म्हणाली, "आपन तिला माहेराला आनली. खना-नारळानं ओटी भरली. मग पाठवनी कुनी केली? किती वर्सं झाली, लेक घरात कोंडून ठिवलीया. ती रडंल न्हाई तर काय करंल? सासरला धाडलेली लेक परत माहेराला येत न्हाई व्हय?"

चावडीवरच्या माना हलल्या. पण कुणी उठलं नाही. भीती अशीच असते, समोरचं पटतं आणि पाय हलत नाहीत.

धुरपदा एकटीच कामाला लागली. करंजाच्या झाडापासून ओढ्याच्या जुन्या वाटेनं तिनं चर खणायला घेतला. ज्यांच्या शेतातून चर जाणार होता ते आधी शिव्या द्यायला आले. तिनं वर मान केली नाही. मग त्यांनी पाहिलं की चराच्या दोन्ही काठांची माती घट्ट होतेय, पाय रुतेनासा झालाय. ते गप्प झाले. पण हैबतीच्या बांधाच्या दिशेनं कुदळ मारायला कुणाचा हात उचलला नाही.

ठकूआज्जी तेवढी यायची. काठावर बसून पान कुटायची आणि वरून बोलायची. "ए धुरपदे, वाकडा चाललाय तुजा चर. पीत-बीत न्हाईस ना?"

"ओढाच वाकडा व्हता, आज्जे."

"तुज्या नवऱ्यावानी. त्यो बघ, तिकडं पाठ करून बसलाय. आगं, त्याचं बाळंतपन माज्या हातचं आस्तं, तर त्याला परत पोटात घालून नीट काडला आस्ता."

धुरपदा हसायची. त्या दिवसांत ती हसायची ती तेवढंच.

रोज दुपारी ती भाकरी बांधून बांधावर नेऊन ठेवायची. हैबती तिच्याकडं बघायचा नाही. ती गेली की भाकरी खायचा. भाजीत मीठ नसायचं. मिठाच्या मडक्यात हात घालायला तिला नको वाटायचं. पहिल्या दिवशी हैबतीच्या तोंडी अळणी घास आला तेव्हा तो थबकला, पण भाकरी त्यानं परत पाठवली नाही. रोज अळणीच खाल्लं.

आता पुढचं ऐका. धुरपदा दिवसभर त्या खाऱ्या पाण्यात उभी असायची. आधी तिच्या पायांना भेगा पडल्या, आणि भेगांत पांढरं साचलं. धुतलं तरी जाईना. मग ते पांढरं पोटऱ्यांवर चढलं, मग गुडघ्यांवर. जसजसा चर पुढं गेला तसतसं ते वर चढत गेलं. शिवारातलं मीठ चरात येत होतं आणि चरातलं मीठ तिच्या अंगावर येत होतं. हात पांढरे झाले. केस तर आधीच पिकले होते, पण आता ते उन्हात चकाकायचे. ठकूआज्जीनं एकदा तिचा हात धरून बघितला आणि पहिल्यांदाच तिनं चेष्टा केली नाही. ती नुसती म्हणाली, "बाय माजे, पुरं कर."

"झालंच की आज्जे," धुरपदा म्हणाली. "शीव दिसाय लागली."

ज्या दिवशी चर बांधाला टेकला तो दिवस वैशाखातला होता. चर काठोकाठ भरला होता आणि पाणी बांधाला येऊन थडकलं होतं. सगळं गाव आपोआप तिथं जमलं. धुरपदा चरात छातीपर्यंत पाण्यात उभी होती, पायापासून डोक्यापर्यंत पांढरी. कपाळावरचं कुंकू तेवढं लाल होतं. तिच्यासमोर बांध, आणि बांधावर हैबती, पाठ करून बसलेला.

ती म्हणाली, "अवं, मी आले."

त्यानं हातातली काठी घट्ट धरली.

"बांध तुमचा हाय. मी फोडनार न्हाई."

तो तसाच बसून राहिला.

"लेकीची पाठवनी हाय. शिवंपतूर बाप येतो, ही आपल्या गावची रीत. आईनं इथवर आनली. आता तुमी उठा."

तेव्हा हैबती वळला. बायकोला त्यानं किती दिवसांनी समोरून पाहिलं. तिचं ते रूप बघून त्याच्या हातातली काठी गळाली. तो बांधावरच गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "तिनं पानी मागितलं गं. मी उशाला व्हतो. माज्याजवळ एक थेंब न्हवता."

"ठावं हाय मला."

"म्हून म्या आनलं."

"व्हय. लई आनलंत. तिला पोचलं." धुरपदाचा आवाज अगदी हळू होता, आजारी पोराच्या उशाशी बसून बोलावं तसा. "आता ती गारठलीया. भिजून भिजून गारठलीया आपली पोर. आता पुरं म्हना तिला."

सगळं गाव ऐकत होतं. हैबती उठला. धुरपदानं पाण्यातून वर धरलेली कुदळ त्यानं घेतली. ज्या बांधावर त्यानं इतकी वर्षं थापट्या दिल्या होत्या, त्यावर त्यानं पहिला घाव घातला. घाव घालताना तो म्हणाला, "जा बाय." दुसऱ्या घावालाही तेच म्हणाला. मग गावातले पुरुष पुढं झाले, पाटील सगळ्यात आधी, आणि बांधाला वाट पडली.

पाणी निघालं. सगळ्या शिवाराचं कोंडलेलं पाणी, दुधासारखं पांढरं, आवाज करत शिवेबाहेर निघालं आणि नदीकडं गेलं. बायकांनी पदरातलं हळद-कुंकू त्यावर टाकलं. धुरपदा बांधाच्या तोंडाशी उभी होती, पाणी तिच्या दोन्ही अंगांनी वाहत होतं. हैबतीनं वाकून हात पुढं केला, तिला वर घ्यायला. तिनं त्याच्या हातात हात दिला. आणि पाण्यात मिठाचा खडा विरघळावा तशी ती विरघळत गेली. आधी पाय, मग कंबर, मग खांदे. चेहरा शेवटी गेला, आणि तो हसरा होता, असं म्हणतात. हैबतीनं मूठ घट्ट आवळली होती. उघडली तेव्हा तळवा नुसता ओला होता.

त्यानंतर लगेच सगळं हिरवं झालं असं कुणी सांगत नाही. जमीन माणसासारखीच असते, दुखणं येतं झपाट्यानं आणि जातं सावकाश. किती पावसाळे गेले, तेव्हा कुठं करंजाजवळच्या शेतात ज्वारी आली, मग त्याच्या खालच्या शेतात. पाटाचं पाणी मात्र रुसलं नाही. पुढच्या साली ते वेळेवर आलं, त्याच्याही पुढच्या साली आलं.

धुरपदाचा चर आजही आहे, वाकडाच आहे. हल्ली काही जणांनी शेतात जमिनीखालून भोकांच्या नळ्या घातल्या आहेत, पण त्या सगळ्या नळ्यांची तोंडं शेवटी त्याच चरात सोडली आहेत. दरसाल वैशाखात, पाट बंद असताना, माळसोंडच्या प्रत्येक घरातलं एक माणूस फावडं घेऊन चरात उतरतं. त्या दिवशी गावात कुठल्याच चुलीवर मीठ पडत नाही. पाटलापासून पाहुण्यापर्यंत सगळे अळणी जेवतात. गावातली लेक लग्न होऊन निघाली की वऱ्हाडाची गाडी चराच्या तोंडाशी थांबते. नवरीचा बाप नव्या धोतरानिशी, आता पँटीनिशी, चरात उतरतो, एक पाटी गाळ काढून काठावर टाकतो आणि म्हणतो, "जा बाय." तेव्हा गाडी हलते. आणि गावाच्या तोंडाशी पाटाच्या पाण्याची ओटी भरतात तशीच शिवेवर जाणाऱ्या पाण्याचीही भरतात. करंजाचं झाड वाळलं होतं, त्याच्या बुंध्यातून दुसरं फुटलं. त्याच्याखाली कुणी नांगर धरत नाही.

त्या संध्याकाळी मात्र यातलं काहीच नव्हतं. लोक आपापल्या घरी गेले. हैबती फुटलेल्या बांधावर बसून राहिला. ठकूआज्जीनं त्याच्यापुढं भाकरी नेऊन ठेवली आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतीनं धुरपदाची कुदळ घेतली, चरात उतरला आणि गाळ काढू लागला.